कापसाची आग आणि बंबाची वाट : वऱ्हाडातील दीडशे वर्षांचा एक प्रश्न

दाबलेली कापसाची गाठ बाहेरून थंड लागते, तेव्हाही ती आतून जळत असू शकते. ज्योत दिसत नाही, कधी धूरही दिसत नाही. आत अडकलेल्या थोड्याशा हवेवर एखादी ठिणगी दिवसेंदिवस धुमसत राहते. गाठ सोडली आणि वारा लागला की भडका उडतो. वरून पाणी मारले तर ते बाहेरच्या थरावरूनच ओघळून जाते. अशी आग खरोखर विझवायची असेल, तर गाठ फोडून रुई पसरावी लागते.

अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा या बाजारपेठा याच कापसावर उभ्या राहिल्या. ‘पांढरे सोने’ हे वऱ्हाडातील कापसाचे लाडके विशेषण. सोने जळून राख होत नाही, एवढा फरक मात्र त्यात राहून जातो.

मग ही आग विझवणे कोणाचे काम? मालकाचे, विमा कंपनीचे, नगरपालिकेचे की सरकारचे? हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे, आणि त्याचे पहिले टोक लंडनमध्ये सापडते.

२२ जून १८६१. थेम्सच्या काठी टूली स्ट्रीट भागातील कॉटन्स व्हार्फ या धक्क्यावरील गोदामांना आग लागली. आत ताग, अंबाडी, कापूस, चरबी, साखर, चहा असा माल खच्चून भरलेला होता. ही आग पुरती विझण्यास सुमारे दोन आठवडे लागले. लंडनच्या अग्निशामकांचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड पहिल्याच संध्याकाळी कोसळत्या भिंतीखाली सापडून मरण पावला.

ब्रेडवुडचे दल सरकारचे नव्हते. ते विमा कंपन्यांनी एकत्र येऊन चालवले होते. ज्या मालाचा विमा, त्याचे रक्षण हा त्यामागचा सरळ व्यवहार. टूली स्ट्रीटच्या नुकसानीचा आकडा पाहून कंपन्यांचे धाबे दणाणले. एवढ्या मोठ्या शहराची जबाबदारी आपल्याला पेलणार नाही, असे त्यांनी सरकारला कळवले. त्यातूनच १८६५ चा मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड कायदा आला आणि लंडनची आग हे सार्वजनिक काम ठरले.

त्याच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. निजामाशी १८५३ मध्ये झालेल्या तहाने वऱ्हाडचा कारभार तोवर इंग्रजांच्या हाती आलेला होता. काळी जमीन होती, कापूस होता; उणीव होती ती वाहतुकीची.

ती रेल्वेने भरून काढली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला, बडनेरा मागे टाकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला, त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते; पुढच्या वर्षी बडनेरा-अमरावती फाटा आला. बैलगाडीने घाट उतरून जाणारा कापूस आता थेट मुंबईच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागला. रेल्वेच्या डब्यात अधिक माल मावायचा तर गाठ घट्ट दाबलेली हवी. स्टेशनांभोवती वाफेच्या ताकदीवर चालणारी जिनिंग आणि प्रेसिंग कारखाने उभे राहिले, ते या गणितामुळे.

घरोघरच्या हातरेच्यावर सरकी काढली जाई, तेव्हा आग लागली तर एक घर जळे. जीनमध्ये शेकडो गाड्यांचा कापूस एका आवारात आला. शेजारी बॉयलर, वर तंतूंची धूळ, खाली तेल लागलेली रुई. वेचलेल्या कापसात एखादा खडा किंवा खिळा राहिला आणि तो यंत्राच्या पात्यावर घासला, तर तेवढी ठिणगी पुरे. आजही जीनमधील आगीचे कारण विचारले की पहिले उत्तर बहुधा हेच मिळते.

त्या यंत्रांसमोर बसून कापूस भरवणाऱ्या बहुसंख्य बाया होत्या. हंगामात दिवस-रात्र काम चाले.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा त्यांना कितपत उपयोगी होता? यंत्रशक्तीवर चालणारा, किमान शंभर कामगारांचा आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक काळ चालणारा तो ‘कारखाना’, अशी त्याची व्याख्या होती. कापसाचा हंगाम मुळातच काही महिन्यांचा. त्यामुळे अनेक हंगामी जीन या व्याख्येच्या दाराबाहेरच राहिले. १८९१ मध्ये कामगारांची अट पन्नासवर आली. पण चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यायला १९११ उजाडले. मध्ये तीस वर्षे गेली, म्हणजे तीस हंगाम.

१८९७ चा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा याच काळातला. कारंजा येथे १८८६ मध्ये सुरू झालेल्या नियंत्रित बाजाराच्या अनुभवावर तो उभा होता आणि पुढे देशभरच्या बाजार समित्यांना त्याने वाट दाखवली. वजनात फसवणूक होऊ नये, अडत ठरलेली असावी, यासाठी वऱ्हाडला देशात सर्वांत आधी कायदा मिळाला. कापसाच्या मापाची काळजी कापूस हाताळणाऱ्या माणसांच्या जिवाच्या काळजीपेक्षा कितीतरी आधी घेतली गेली.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात एक साधे कलम होते : कामगार आत असताना बाहेर पडण्याचे दार आतून सहज उघडता येणार नाही अशा रीतीने बंद करू नये. असे कलम लिहावे लागले, यावरून आधी काय चालत असावे याची कल्पना येते.

मुंबईत तोवर लंडनचा कित्ता गिरवला गेला होता. आरंभी तेथील अग्निशमन पोलिसांकडे होते. १८८७ च्या सुमारास ते नगरपालिकेकडे आले, १८८८ च्या महापालिका कायद्याने ते बंधनकारक कर्तव्य झाले आणि दलाच्या उभारणीसाठी लंडनच्या दलातील अधिकारी बोलावण्यात आला. वऱ्हाडातील लहान नगरपालिकांकडे एवढा पैसा नव्हता. जीनच्या आवारात मालकाची पाण्याची टाकी, पंप, वाळूच्या बादल्या असत. विम्याचा हप्ता ठरताना विमा कंपनी त्या पाहत असे. गावाची भिस्त विहिरीवर आणि शेजाऱ्यांच्या हातांवर. कवेलूच्या घराला लागून पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला, घरात चूल. अशा वस्तीसाठी विमा नव्हता आणि बंबही नव्हता.

कापसाची आतली आग किती फसवी असते, याचा सर्वांत भीषण दाखला मात्र मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत मिळाला. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज कराचीहून आले होते. त्यात सुमारे ८,७०० गाठी कापूस आणि जवळपास १,४०० टन दारूगोळा एकत्र होता. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर येताना दिसला. अग्निशामकांनी शेकडो टन पाणी ओतले. धुरामुळे आगीचे मूळ काही सापडेना. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. जहाजावर आणि धक्क्यावर आग विझवत असलेले ६६ अग्निशामक त्यात मारले गेले. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ. कापूस आणि स्फोटके एकाच तळघरात भरण्याचा निर्णय त्यांचा नव्हता.

१९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय स्थापन झाले आणि १९५७ मध्ये ते नागपूरला आले. देशभरचे अग्निशमन अधिकारी अमरावतीपासून अवघ्या दीडशे किलोमीटरवर घडू लागले. योगायोगाने वऱ्हाडही त्याच सुमारास, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. शिक्षण शेजारी पोहोचले. बंब मात्र नगरपरिषदेच्या हद्दीवरच थांबले.

ही हद्द कायद्यातच आखलेली आहे. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यात आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे नगरपरिषदेचे कर्तव्य आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीत शब्द येतो तो आग विझवण्यास ‘साहाय्य’ करण्याचा. शहरासाठी कर्तव्य, गावासाठी साहाय्य. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा घातली, तीही शहरी संस्थांच्या कामांत.

आणि कापूस तर गावातच पिकतो. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाल्यावर सरकारी खरेदीचा कापूस केंद्रांच्या आवारात उघड्यावर डोंगरासारखा साचू लागला. गंज्या एकमेकींना खेटून, उन्हाळा तोंडावर; आगीच्या बातम्या तेव्हा हंगामाचाच भाग बनल्या. ती योजना आता इतिहासजमा झाली आहे. भाव पडले की शेतकरी कापूस विकत नाही, घरातच भरून ठेवतो. झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि अंगाला सुटलेली खाज, हे चित्र वऱ्हाडातील कुणालाही सांगावे लागत नाही.

हा घरातला कापूस विम्याच्या कोणत्या खान्यात बसतो? २०१६ पासूनची पंतप्रधान पीक विमा योजना शेतात उभ्या असलेल्या पिकाला नैसर्गिक आग आणि वीज यांपासून संरक्षण देते. काढणीनंतरचे संरक्षण शेतात सुकायला पसरलेल्या पिकाला, चौदा दिवसांपुरते, वादळ-पाऊस-गारपिटीसाठी. वेचून घरी आणलेला कापूस शॉर्टसर्किटने जळाला, तर तो या कोणत्याच चौकटीत येत नाही. तोच कापूस व्यापाऱ्याच्या आवारात उतरला की बहुधा विम्याखाली जातो. टूली स्ट्रीटच्या काळातील जुना व्यवहार असा अजून जिवंत आहे.

आता ब्रिटन आणि महाराष्ट्र पुन्हा एकदा एकाच वळणावर भेटतात. ब्रिटनमध्ये १९७१ च्या कायद्यानुसार ठरावीक प्रकारच्या इमारतींना अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र घ्यावे लागे. २००५ च्या आदेशाने ती पद्धत संपली आणि धोका ओळखण्याची जबाबदारी इमारतीच्या ‘जबाबदार व्यक्ती’वर टाकण्यात आली. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा. त्यातही भार मालक किंवा भोगवटादारावर आहे; परवानाधारक खासगी संस्थेकडून यंत्रणा तपासून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, प्रमाणपत्र सादर करायचे.

प्रत्येक इमारत सरकारी अधिकाऱ्याने तपासणे अशक्य आहे, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु ज्याची तपासणी करायची त्यानेच तपासणाऱ्याला पैसे द्यायचे, ही त्या व्यवस्थेची कमकुवत गाठ आहे. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसे गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशीच्या अंतिम अहवालाने इतर अनेक दोषांबरोबर आगीच्या धोक्याचे मूल्यमापन करणाऱ्यांच्या पात्रतेवरही बोट ठेवले आणि त्यांच्यासाठी सक्तीच्या मान्यतेची शिफारस केली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत दहा बालके दगावली, तेव्हा राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. कायदा तोवर पंधरा वर्षांचा होत आला होता.

ब्रिटनच्या खेड्यांत मात्र एक निराळी व्यवस्था आहे. तेथे अनेक केंद्रांवर पूर्णवेळ जवान नसतात. दुकानदार, सुतार, शेतकरी असे प्रशिक्षित गावकरी बोलावणे येताच काही मिनिटांत केंद्रावर धावतात आणि कामाचा मोबदला घेतात. आज हीच व्यवस्था अडचणीत आहे, कारण माणसे राहतात गावात आणि नोकरीला जातात दूरच्या शहरात. दिवसा गाडी काढायला पुरेसे हातच नसतात. त्यातच उष्णतेच्या लाटा वाढल्या. १९ जुलै २०२२ हा लंडनच्या अग्निशमन दलासाठी दुसऱ्या महायुद्धानंतरचा सर्वांत धावपळीचा दिवस ठरला. गवताची आग घरांपर्यंत पोहोचली होती. त्या दिवशी ब्रिटनमध्ये पारा प्रथमच चाळिशीपार गेला. अकोल्यात चाळीस अंश म्हणजे उन्हाळ्याची नुसती सुरुवात.

भारतात ग्रामीण भागात बंब वीस मिनिटांत पोहोचावा, अशी स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेची जुनी शिफारस आहे. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यातून नवी वाहने येतील, केंद्रेही येतील. ती उभी कुठे राहतात, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. दर्यापूर किंवा बाळापूरच्या नगरपरिषदेचा बंब वीस किलोमीटरवरच्या गावाकडे निघतो, तेव्हा पावसाळी नाल्यांनी खचलेल्या पांदण रस्त्यावर वीस मिनिटे केव्हाच संपतात. तोवर गावकरी मोटारपंप सुरू करून, हंडे-कळशा हातोहात पुढे सरकवत असतात, आणि कुणीतरी जाणता ओरडून सांगत असतो की नुसते पाणी मारू नका, आधी कापूस बाहेर ओढा आणि पसरा.