बाळंतिणीला कुणी विचारले?

प्रस्थापितांच्या इतिहासाने राजपुत्रांच्या जन्मतिथी जपल्या. 1630 साली शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले हे जुन्नर-आंबेगावातले लहान पोरही सांगते, आणि ते सांगण्यासारखेच आहे. पण याच मुलखात गावोगावच्या गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या बाया बाळंत झाल्या. त्यांचे काय झाले आणि त्यांना काय वाटले, याला कोणत्याही बखरीत जागा मिळाली नाही. बाळंतपण हा इतिहासाचा विषय आहे असे मी मानते. बाईचा विटाळ आणि जातीचा विटाळ इथे एकाच खोलीत भेटतात.

या विषयावरची आपली पहिली लेखी साक्ष पुण्याची आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने आपल्या बायांच्या बाळंतपणाचा जाब विचारला. घरावर छप्पर नाही, थंडी-पावसात बाळंतीण हाल सोसते, तिला आजार जडला तर औषधाला आणि वैद्याला पैसा कुठून आणायचा? चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीने दाखवून दिले की बाळंतपणाचे हाल हा दैवाचा नव्हे, समाजव्यवस्थेचा प्रश्न आहे.

यातला उपहास असा की महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सुईणपण मातंग बायाच करीत. एरवी जिची सावली चालत नसे, तिचा हात वेणांच्या वेळी सवर्ण बाईच्या अंगाला चाले. नाळ कापणे, वार पुरणे, विटाळाचे धुणे ही तिची कामे. बाळंतीण मोकळी झाली की सुईण पुन्हा अस्पृश्य. तिचे कौशल्य गावाने वापरले, पण त्याला विद्या म्हटले नाही. आणि तिच्या स्वतःच्या घरात बाळंतीण उपाशी राही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (1986) मध्ये पोरवयातल्या बाळंतिणींची भूक आणि मरणे मांडली आहेत. म्हणून जुने घरचे बाळंतपण किती मायेचे होते, असे गोडवे गाणाऱ्यांपासून आपण सावध राहिले पाहिजे.

दुसरी वाट जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये उघडली. त्यांच्या बालहत्या प्रतिबंधक गृहात फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांना गुपचूप आणि सुरक्षित बाळंत होता येई. मूल न्यायचे की ठेवायचे, हे ती बाई ठरवी. तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. त्या घरात बाळंतिणीला दोष दिला जात नव्हता, तिची इच्छा विचारली जात होती. मला हे त्या घराचे सर्वांत मोठे क्रांतिकार्य वाटते.

तिसरी वाट बाबासाहेबांची. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही सुधारणा घडवली. विश्रांती हा आता हक्क झाला. पण तो गिरणी-कारखान्याच्या फाटकाशी थांबला. बटाट्याच्या शेतात रोजाने वाकणारी बाई त्याच्या बाहेरच राहिली. 2017 मध्ये पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, तेव्हाही ती बाहेरच होती.

आज चित्र बदलले आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. 2018-20 मध्ये राज्यात दर लाख जन्मांमागे 33 मातामृत्यू होते. देशाचा आकडा 97 होता. ही कमाई छोटी नाही. ती नाकारणे म्हणजे आपल्या मेलेल्या आज्यांचा अपमान होय.

परंतु आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये मी बायांना विचारते तेव्हा उत्तर सरळ येत नाही. म्हाताऱ्या म्हणतात, सुईणीच्या हातात जीव टांगणीला होता, पण पाठीशी कुणीतरी बसलेले होते. त्यांच्या सुना म्हणतात, दवाखान्यात जीव वाचला, पण ओरडून गप्प केले आणि आईला दाराबाहेर उभे केले. कोणत्या दवाखान्यात, हे इथे महत्त्वाचे नाही. समाधान वाटले का, असे विचारले तर दोघींचे उत्तर एकच: "सुटका झाली." आपल्या भाषेत बाळंत होण्याला हाच शब्द आहे. जिला जगण्याचीही खात्री नव्हती, ती जगली यातच समाधान मानते. तिच्या या समाधानावर कोणत्याही व्यवस्थेने स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये.

2002 मध्ये एलेन हॉडनेट यांनी याविषयीचे जगभरचे अभ्यास एकत्र तपासले. बाईच्या समाधानाचा निकाल कळा किती आल्या यावर फारसा लागत नाही, असे त्यांना आढळले. काळजी घेणाऱ्यांची साथ, त्यांची वागणूक आणि निर्णयात तिला मिळालेला वाटा यांवर तो लागतो. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण राहू द्यायला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये सोबत आणि सन्मान यांना चांगल्या प्रसूतीचा भाग ठरवले. विज्ञान आज जे म्हणते आहे, ते आपल्या चळवळीचे जुनेच मागणे आहे. माणसाला माणूस म्हणून वागवा.

तेव्हा घर की दवाखाना, हा वाद खोटा आहे. दवाखाना हवाच, तो मुक्ता साळवेने मागितलेले औषध आहे. पण त्यात सुईणीने दिलेली सोबत हवी, सावित्रीबाईंनी दिलेला विचारण्याचा मान हवा आणि बाबासाहेबांनी मांडलेली विश्रांती शेतमजूर बाईपर्यंत पोचायला हवी. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या वस्तीत एवढे तरी करावे: बाळ मुलगा की मुलगी, वजन किती, हे सगळे विचारतात; आपण बाळंतिणीला विचारावे, "तुला कसे वागवले?" आणि ती जे सांगेल ते लिहून ठेवावे. आपला इतिहास अशा साक्षींनीच उभा राहील.