जेरी अन्सर : शर्यती १, गुण ०

फॉर्म्युला वनच्या जुन्या निकालांत १९५८ चं साल उघडलंत, तर जेरी अन्सर नावाचा एक अमेरिकन ड्रायव्हर सापडेल. शर्यती १, गुण ०, क्रमांक ३१, अपघात. एवढंच. असा तयार तक्ता हाती आला की आपण काय करतो? सरळ एक्सेलमध्ये टाकतो आणि सरासरी काढायला बसतो. मीही हेच केलं असतं.

पण ती एक शर्यत म्हणजे इंडियानापोलिस ५००. १९५० ते १९६० ही शर्यत जागतिक अजिंक्यपदात धरली जायची, मात्र गाड्या वेगळ्याच. १९५८ मध्ये तिथे ४.२ लिटरची इंजिनं धावत होती, युरोपात २.५ ची. युरोपातले नेहमीचे ड्रायव्हर तिकडे सहसा फिरकत नसत. १९५२ मध्ये आस्कारी फेरारी घेऊन गेला, तो अपवाद. त्यामुळे जेरीची कारकीर्द या तक्त्यात शोधणं म्हणजे चुकीच्या हजेरीपटात नाव शोधणं. १९५७ मध्ये तो अमेरिकेतल्या यूसॅक संस्थेच्या स्टॉक कार मालिकेचा विजेता होता, आणि याचा इथे पत्ताच नाही.

आता 'अपघात' हा शब्द बघा. ३० मे १९५८, पहिलीच फेरी, तिसरं वळण. पुढच्या रांगेतले एलिझियन आणि रॅथमन एकमेकांत अडकले आणि मागून गाड्या आदळत गेल्या. जेरीची गाडी पॉल गोल्डस्मिथच्या गाडीवर चढून भिंतीपलीकडे उडाली. त्याचा खांदा निखळला, बाकी तो वाचला. पॅट ओ'कॉनर त्याच गोंधळात जागीच गेला. तक्त्यात दोघांपुढे शब्द एकच!

पुढच्या वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिसलाच सराव करताना जेरीची गाडी आपटून पेटली. भाजल्याच्या जखमांनी १७ मे १९५९ रोजी तो वारला. वय २६. त्यानंतर ड्रायव्हरना आग सहज न पकडणारा पोशाख सक्तीचा झाला. म्हणजे ज्या मृत्यूने नियम बदलला, तो शर्यतींच्या निकालांत कुठेच नाही, कारण तो सरावात झाला आणि तोही काही दिवसांनी, इस्पितळात. उद्या तुम्ही 'त्या काळातली सुरक्षितता' असा विषय घेतलात आणि मृत्यू फक्त निकालांतून मोजलेत, तर जेरी तुमच्या आकड्यात येणारच नाही. मृत्यू कोणता धरायचा, सरावातला की फक्त शर्यतीतला, आणि अपघातानंतर किती दिवसांपर्यंतचा, हे मोजायला बसण्याआधी वहीत लिहून ठेवा. नंतर ठरवलंत तर आकडे बघून ठरवाल.

अजून एक खाचखळगा. जेरीच्या वडिलांचं नावही जेरीच. धाकटे भाऊ बॉबी आणि अल यांनी पुढे हीच शर्यत अनुक्रमे ३ आणि ४ वेळा जिंकली. त्यामुळे नुसतं 'अन्सर' शोधलंत तर भावांच्या बातम्यांचा डोंगर येतो, आणि 'जेरी अन्सर' शोधलंत तर कधीकधी बाप.