एकल मालकी

एकल मालकी हा एकाच व्यक्तीच्या मालकीचा व तिच्याच जबाबदारीवर चालणारा व्यवसायप्रकार आहे. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिराभोवतालची पूजासाहित्याची व कवड्यांच्या माळांची लहान दुकाने, तसेच गावोगावच्या पिठाच्या गिरण्या बहुधा याच प्रकारात मोडतात.

कायद्याच्या दृष्टीने येथे मालक आणि व्यवसाय भिन्न नसतात. त्यामुळे नफा सर्वस्वी मालकाचा असला, तरी धंद्यातील थकलेल्या देण्यांचा भार त्याच्या खासगी मालमत्तेवरही येतो. मुद्रा योजनेतील कर्ज विनातारण असते. पण विनातारण म्हणजे परतफेडीतून सुटका नव्हे. कंपनी कायदा, २०१३ अन्वये स्थापन होणाऱ्या एकल व्यक्ती कंपनीस मात्र स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असते.

१ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी निःशुल्क आहे. त्यासाठी दलालास पैसे देण्याचे कारण नाही.

घरखर्च व धंदा यांची बँक खाती वेगळी ठेवणे हिताचे ठरते. तुळजापुरात नवरात्र व कोजागरी पौर्णिमेच्या काळात भाविकांची मोठी गर्दी होते, परंतु त्या दिवसांतील गल्ला म्हणजे नफा नव्हे. त्यातून मालाची उधारी, दुकानभाडे, मंदीच्या महिन्यांचा खर्च आणि (बहुतेक जण विसरतात तो) मालकाच्या स्वतःच्या श्रमाचा मोबदला वजा करावा लागतो.