टिकाऊ इंजिन, व्हाया किर्लोस्करवाडी

कोणत्या गाडीचं इंजिन सगळ्यात जास्त टिकतं, हा वाद आमच्या औंधात कधी मिटत नाही. कुणी डोळे झाकून टोयोटाचं नाव घेतो. कुणी म्हणतो, मारुती 800 च्या 796 सीसीच्या तीन सिलिंडरांना तोड नाही. वडाप चालवलेली जुनी माणसं यावर नुसती हसतात आणि ट्रॅक्सचं नाव काढतात. मग खिशातून मोबाईल निघतात आणि ‘जगातली दहा टिकाऊ इंजिनं’ अशी एखादी यादी मोठ्याने वाचली जाते.

या वादात मीही हौसेने उतरतो. पण माझी तक्रार या याद्यांबद्दलच आहे. त्यांत इंजिनाचं नाव असतं, ते उघडून परत जोडणाऱ्या हातांचं नसतं. आणि हे हात आमच्या भागात कुठून आले, याला एक इतिहास आहे.

तो सुरू होतो 1910 साली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले होते. नगरपालिकेच्या विस्तारात त्यांची जागा जाणार, हे स्पष्ट झालं. त्याच सुमाराला ते औंधला यमाईच्या देवळाच्या मंडपाचं काम करत होते. औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात कारखाना काढायला बोलावलं. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचं कर्ज दिलं. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला माळ होता. आज तिथे सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी आहे.

औंधहून किर्लोस्करवाडी काही शेजारी नाही. पण संस्थान असंच विखुरलेलं होतं. आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर जिल्ह्यांत मिळून 72 गावं. एवढ्याशा संस्थानाच्या राजाने कारखान्याला जागा दिली, हे त्या काळात साधं नव्हतं.

लोखंडी नांगर मात्र खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती जायला वेळ लागला, आणि गेली ती वापरूनच. लोखंडी नांगराचा फाळ झिजला की तेवढाच काढून नवा बसवता येतो, बाकी नांगर तसाच चालतो. झीज एका सुट्या भागावर घ्यायची, तो बदलायचा आणि यंत्र चालू ठेवायचं. टिकाऊ इंजिनाचं निम्मं गुपित या फाळातच आहे.

पुढे 1926 च्या सुमारास किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप बनू लागले. तिकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं तयार होऊ लागली. 1946 साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स काढली. मुळात ब्रिटिश ‘पीटर’ घराण्यातलं एव्ही-1 हे इंजिन तिथे बनलं आणि विहिरीविहिरीवर जाऊन बसलं. एकच सिलिंडर, 80 मिलिमीटरचा बोअर, 110 मिलिमीटरचा स्ट्रोक, मिनिटाला 1500 फेरे आणि ताकद 5 हॉर्सपॉवर. खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यात वीज पोचायच्या आधी पाणी वर आणलं ते असल्याच इंजिनांनी.

ते टिकायचं का? हिशोब करून बघू. एका फेऱ्यात पिस्टन स्ट्रोकच्या दुप्पट अंतर जातो. म्हणजे 1500 फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेपाच मीटर. मारुती 800 चा स्ट्रोक 72 मिलिमीटर. ती 3000 फेऱ्यांवर पळत असेल तर पिस्टनचा वेग होतो 7.2 मीटर. वेग वाढला की घासणं आणि धक्के दोन्ही वाढतात. शिवाय विहिरीवरच्या इंजिनाला ना गिअर, ना चढ, ना सिग्नल. एकदा हँडल मारलं की तासन् तास एकाच लयीत चालायचं.

अशा इंजिनाचं आयुष्य तासांत मोजतात, गाडीचं किलोमीटरमध्ये. म्हणून दोन्हींची तुलना करताना घोळ होतो. दिवसाला 6 तास असं 150 दिवस पाणी उपसलं तर वर्षाला 900 तास होतात. ताशी 40 किलोमीटरने धरलं तर हे 36,000 किलोमीटर झाले. दहा वर्षांत 3,60,000. बांधावर उभ्या असलेल्या त्या इंजिनाने एक पाऊलही न टाकता केलेला हा प्रवास.

अर्थात झीज चुकत नव्हती. पण ती व्हायची लायनरवर. लायनर म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेली वेगळी नळी. धूर वाढला, ऑइल खायला लागलं, हँडल मारताना कॉम्प्रेशन लागेना, की मिस्त्री यायचा. लायनर, पिस्टन, रिंगा बदलायच्या, नोझल तपासायचा, व्हॉल्व्ह घासायचे, आणि इंजिन पुन्हा हंगामाला तयार. नांगराचा फाळ बदलावा तसंच. या कामातून गावोगाव फिटर तयार झाले, तालुक्याच्या गावी लेथ आली, क्रँक ग्राइंडिंग आलं.

गाड्या आल्या तेव्हा हे हात तयारच होते. माझे चुलते औंध-पुसेसावळी रस्त्यावर वडाप चालवायचे, ट्रॅक्सवर. बजाज टेम्पो कंपनीच्या त्या जुन्या ट्रॅक्समध्ये डेमलर-बेंझच्या परवान्याने बनवलेलं ओएम 616 हे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन असायचं. आमच्या घरातल्या दोन पोरांचं कॉलेज त्या इंजिनावर झालं. चुलत्यांनी ते दोनदा उघडलं, दोन्ही वेळा इथल्याच मिस्त्रीकडे. इंजिन बंद म्हणजे घरातली कमाई बंद, त्यामुळे ऑइल बदलायची तारीख ते सणासारखी पाळायचे.

याच ओएम 616 चा एक भाऊबंद ग्रीसमध्ये होता. थेसालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी 1976 ची मर्सिडीज 240 डी चालवली आणि गाडीने 46 लाख किलोमीटर पुरे केले. 2004 साली ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. पण ते एकाच इंजिनाचं काम नव्हतं. साचिनिदिस राखीव इंजिनं ठेवून ती आलटून-पालटून बसवत. अमेरिकेतले शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी 1966 च्या व्होल्वो पी-1800 वर 2013 मध्ये 30 लाख मैल, म्हणजे सुमारे 48 लाख किलोमीटर पुरे केले. तेही सर्व्हिस वेळच्या वेळी करण्याबद्दल प्रसिद्ध होते.

टॅक्सी, वडाप आणि लांबचा प्रवास यांत एक गोष्ट समान आहे: इंजिन गरम राहतं. गार इंजिन सुरू करताना ऑइल सगळीकडे पोचलेलं नसतं, झीज तेव्हा जास्त होते. म्हणून रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडी 40,000 किलोमीटरलाही थकलेली असू शकते, आणि दिवसभर पळणारी 2 लाखांनंतरही ठणठणीत.

मग जुनंच चांगलं होतं का? तसं मी म्हणणार नाही. ट्रॅक्सच्या मागे मोटारसायकलवर गेलेल्या कुणालाही तो काळा धूर आठवत असेल. फियाटचं 1.3 लिटर मल्टिजेट रांजणगावात बनत होतं. मारुती, टाटा, फियाट अशा तिन्ही नावांच्या गाड्या त्यावर चालल्या. ते जुन्या डिझेलपेक्षा कमी तेल प्यायचं, कमी धूर सोडायचं आणि नीट ठेवलं तर लाखो किलोमीटर न उघडता जायचं. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 चे नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्याच थांबवल्या. नव्या इंजिनात सेन्सर, कॉम्प्युटर, धूर गाळायची यंत्रणा आहे. हवा त्यामुळे स्वच्छ राहते, यात वाद नाही.

पण बिघाड झाला की आता पाना पुरत नाही, स्कॅनर लागतो. तो नसला की गाडी शहरात न्यायची आणि अख्खा जोड बदलायचा. लेथवर बसणारा पोरगा यातून बाहेर पडतो. मला खरी काळजी याची वाटते. 1910 साली माळावर लोखंड ओतायला शिकवणारा कुणीतरी आला, त्याला जागा देणारा राजा होता, म्हणून तीन पिढ्यांना इथल्या इथे काम मिळालं. आज खटावच्या फिटरच्या हातात स्कॅनर आणि तो वापरायचं शिक्षण कोण देणार, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. काही आयटीआयमध्ये, काही गॅरेजांत पोरं धडपडून ते शिकतायत. त्यांना जागा देणारं कुणी पाहिजे.

तोवर जुनी गाडी घ्यायला निघालात तर यादी बघा, हरकत नाही. पण सोबत दोन गोष्टी विचारा: हिचं ऑइल कधी कधी बदललं, आणि हिचं इंजिन उघडणारा माणूस इथून किती किलोमीटरवर आहे?