फ्यूज तारेचा राखणदार, मग पोहणाऱ्याचा कोण? 🧵

१/ पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील अनेक गृहसंकुलांत आज जलतरण तलाव आहेत. पाण्याखाली दिवे, काठाशी गाळणीचा पंप. वीज आणि पाणी यांचे हे शेजारपण सुरक्षित व्हायला बराच काळ जावा लागला. त्या प्रवासाचा हा आढावा.

२/ १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. शेती आणि विहिरींच्या या प्रदेशात कारखान्यांसोबत वीजही पसरत गेली. तिच्यावर पहारा होता फ्यूजचा.

३/ फ्यूजचे काम एकच: प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की स्वतः वितळून तार वाचवणे. आग टळते, यंत्र वाचते. आजचा एमसीबीही मुख्यतः हेच काम करतो. माणसाच्या शरीरातून वाहणारा प्रवाह मात्र त्याच्या हिशेबात नाही.

४/ १९४० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हा प्रवाह मोजला. पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सुमारे १०.५ मिलीअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात. पकडलेली वस्तू सोडता येत नाही. १५ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने हा जेमतेम हजारावा भाग! ओल्या त्वचेचा रोध कमी असतो, आणि पाण्यात हातपाय आखडले की जलतरणपटूही बुडतो.

५/ यावरचा एक महत्त्वाचा उपाय खाणींतून आला. १९५० च्या दशकाच्या मध्यास हेन्री रुबिन यांनी दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी गळतीरोधक साधन विकसित केले. तत्त्व जमाखर्चाचे: जितका प्रवाह गेला तितकाच परत यायला हवा. मेळ बसला नाही, म्हणजे तो कुठेतरी, कदाचित माणसातून, जमिनीत झिरपतो आहे. लगेच वीज तोडायची.

६/ १९६१ मध्ये डॅलझील यांनी काही मिलीअँपिअरच्या गळतीलाही वीज तोडणारे साधन तयार केले. १९६८ च्या अमेरिकी विद्युत संहितेने जलतरण तलावातील पाण्याखालच्या दिव्यांसाठी असे संरक्षण आणले. पुढे आंतरराष्ट्रीय मानकांनी तलावाभोवतीच्या जागेचे विभाग पाडले. प्रत्यक्ष पाण्यात १२ व्होल्टपेक्षा अधिक प्रत्यावर्ती दाब नको, आणि शिडी, कठडे यांसारखे धातूचे भाग एकमेकांशी जोडलेले हवेत.

७/ भारतात १९५६ च्या विद्युत नियमांत पुढे ६१-अ हा नियम घालून गळतीरोधक साधन आले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी, अगदी लहान जोडण्या वगळता, त्याची सक्ती केली. त्यांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे.

८/ थोडक्यात, आधी तार वाचली, नंतर माणूस. हा क्रम आजही अनेक फलकांवर दिसतो: एमसीबी आहे, आरसीसीबी नाही, असला तरी त्याची चाचणी कुणी घेतलेली नाही. तलावाच्या फलकावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे सोसायटीच्या सभेत अवश्य विचारा. त्याच्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. ते दाबल्यावर वीज गेली नाही, तर परवानाधारक तंत्रज्ञाने तपासेपर्यंत कुणीही पाण्यात उतरू नये.