मोरी, बाथरूम आणि परवानगीचा कागद

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी कोणी गणेशोत्सवाचा इतिहास लिहितंय, कोणी पाण्याच्या टँकरचा, कोणी गच्चीवरच्या कोजागिरीचा. अकरा वर्षं सेक्रेटरी राहिल्यामुळे माझ्या वाट्याला आली ती ‘अंतर्गत दुरुस्ती’ नावाची फाईल. विषय रुक्ष वाटेल. पण पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत सर्वांत जास्त वाद, सर्वांत जास्त पत्रव्यवहार आणि शेवटी सर्वांत जास्त शहाणपण कशातून आलं असेल, तर ते बाथरूममधून, हे इतिवृत्ताची पानं उलटली की दिसतं.

आपल्यातले बरेच जण गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतून इथे मुलुंडला आले. चाळीत बाथरूम नव्हतंच, खोलीच्या कोपऱ्यात मोरी होती. तिथेच भांडी, तिथेच आंघोळ, आणि संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचा मिळून. 1920 साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि आताच्या ना. म. जोशी मार्गावर ज्या बीडीडी चाळी बांधल्या, त्यातही साधारण 160 चौरस फुटांची एक खोली आणि सामायिक संडास हीच रचना होती. मोरीत बदल करायचा म्हणजे फार तर कट्टा थोडा उंच करायचा किंवा पडदा लावायचा. त्याला परवानगी कोण मागणार?

परवानगीचा कायदा मात्र चाळींइतकाच जुना आहे. मुंबईला विहार तलावाचं पाणी नळाने 1860 मध्ये मिळू लागलं. पाणी आलं, पण सांडपाणी जायची वाट मागाहून होत गेली. 1888 चा मुंबई महानगरपालिका कायदा आला, तो आजही, असंख्य दुरुस्त्यांसह, आपल्याला लागू आहे. मग 1896 ची प्लेगची साथ आली आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. घरातली घाण, अंधार आणि ओल हा घरमालकाचा खासगी मामला नसून अख्ख्या गावाचा प्रश्न आहे, हे सरकारी कागदावर पक्कं झालं ते या काळात. न्हाणीघराचं पाणी कुठे जातं, हे विचारण्याचा अधिकार पालिकेला मिळाला तो उगाच नव्हे.

दुसरा धागा सहकाराचा. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था 1915 सालची. तिथून ही चळवळ रुजली आणि 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने तिला आजची चौकट मिळाली. यातली मूळ कल्पना आपण रोजच्या घाईत विसरतो. फ्लॅट सभासदाचा असला तरी स्लॅब, बीम, कॉलम, डक्टमधले पाईप हे सगळ्यांचे. माझ्या बाथरूमची जमीन म्हणजे खालच्याचं छत. म्हणूनच आदर्श उपविधीत स्पष्ट म्हटलं आहे की समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सभासदाने फ्लॅटमध्ये भर घालू नये की फेरफार करू नये. ‘माझ्या घरात मी काय वाटेल ते करीन’ हे वाक्य आपल्या सर्वसाधारण सभेत निदान वीस वेळा उच्चारलं गेलं असेल. त्याला उत्तर कमिटीने द्यायची गरजच नव्हती, ते इमारतीच्या रचनेतच होतं.

आता आपल्या इमारतीकडे येऊ. ती 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीखाली मंजूर झाली. मंजुरीच्या कागदाला मुंबईत आयओडी म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘नापसंतीची सूचना’, आणि तरी तो कागद हातात आला की बिल्डर पेढे वाटतो! अटी पाळल्या तर नापसंती मागे, असा त्याचा हिशेब. नंतर सीसी, शेवटी ओसी. त्या मंजूर नकाशात बाथ आणि डब्ल्यूसी एकाखाली एक, सातही मजल्यांवर, एकाच रेषेत आहेत. हा योगायोग नाही. पाणीबंद जमीन नसेल तर संडास दुसऱ्याच्या राहत्या खोलीवर येऊ नये, असं नियमच सांगतो. त्यासाठीच बाथरूमखालचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला आहे, ज्याला आपले कंत्राटी ‘संकन’ म्हणतात. त्या खळग्यात वॉटरप्रूफिंग, त्यावर ब्रिकबॅट कोबा, त्यात पाईप, आणि कोपऱ्यात नहाणी ट्रॅप. बघा, मोरी गेली, बाथरूम आलं, पण पाणी जायच्या जागेचं नाव प्लंबरच्या तोंडी अजून नहाणीच आहे.

1999 मध्ये सोसायटी नोंदली गेली. पहिली सात-आठ वर्षं फाईलमध्ये एकही अर्ज नाही. कर्जाचे हप्ते चालू होते, हो. पहिला अर्ज 2007 चा, अर्ध्या पानाचा: ‘आमच्या बाथरूमच्या लाद्या बदलत आहोत, तरी माहिती असावी.’ कमिटीने त्यावर ‘पाहिले’ एवढंच लिहिलं. मग गीझर, शॉवर, छतापर्यंत टाईल्स, इंडियनच्या जागी कमोड अशी लाट आली. 2010 नंतर वर्षाला चार-पाच घरांत हातोडा वाजू लागला.

2011 मध्ये पाचव्या मजल्यावरच्या एका घरात बाथ आणि डब्ल्यूसीमधली भिंत काढून एक मोठं बाथरूम झालं. तीन महिन्यांनी चौथ्या मजल्यावर छत ओलं. रंगाचे पोपडे, मग टपटप. दोन्ही घरं एकाच वेळी राहायला आलेली, मुलं एका शाळेतली. खालच्यांचं म्हणणं, तुमच्या तोडफोडीने वॉटरप्रूफिंग गेलं. वरच्यांचं म्हणणं, आमचं नवं काम पक्कं आहे, तुमचा स्लॅबच जुना. दोन दिवाळ्या फराळाचं ताट एकमेकांकडे गेलं नाही. वकिलाची नोटीस तयार झाली होती, हे मला नंतर कळलं.

त्या वेळी कमिटीने एक साधी गोष्ट केली. भांडण ऐकण्याऐवजी पाण्याची परीक्षा घेतली. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप बंद करून दोन इंच रंगीत पाणी 48 तास साठवलं. खडूने पातळीची रेघ मारली, दोन्ही घरांतला एकेक माणूस साक्षीला. पातळी हलली नाही आणि खाली रंग उतरला नाही. मग डक्टमध्ये परांची बांधून प्लंबर उतरवला, तेव्हा उभ्या सामायिक पाईपचा सांधा सुटलेला सापडला. तो कामाच्या हादऱ्याने सुटला की वयाने, हे त्याला सांगता आलं नाही आणि आम्हीही ठरवायला गेलो नाही. उपविधीप्रमाणे सामायिक पाईपची गळती सोसायटीच्या खर्चात, घरातल्या संडास-सिंकची गळती त्या सभासदाच्या खर्चात. पाईप सोसायटीने बदलला. छताचं प्लास्टर आणि रंग वरच्यांनी आपणहून करून दिला. त्या वर्षी फराळाची दोन ताटं गेली.

त्याच सर्वसाधारण सभेत आपला दुरुस्तीचा फॉर्म मंजूर झाला. अर्जासोबत कामाचा साधा नकाशा. बीम, कॉलम, स्लॅबला हात लावणार नाही अशी हमी. काम करणाऱ्या कंत्राटदाराचं नाव. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, लाद्या बसण्याआधी, 48 तासांची पाण्याची चाचणी आणि तिला खालच्या सभासदाची सही. डक्टकडे जायची जागा बंद करायची नाही. दुपारी दोन ते चार हातोडा बंद. राडारोडा गोण्यांत भरून, लिफ्टने न नेता, ठरल्या जागी. बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र नियम 2016 मध्ये आले. आपण गेटबाहेर गोणी टाकायची नाही हे त्याच्या काही वर्षं आधी ठरवलं होतं, याचा मला थोडा अभिमान आहे.

पण कुठलाही फॉर्म एकदा झाला की तो स्वतःचं महत्त्व वाढवू लागतो. 2016 च्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दहा दिवसांत त्या घरी येणार होत्या आणि घरात बसायचा संडास इंडियन. मुलाने त्याच दिवशी अर्ज दिला: कमोड, भिंतीला धरायला दांड्या, न घसरणाऱ्या लाद्या, आणि उंबरठा काढून टाकायचा. फॉर्मप्रमाणे मंजुरी कमिटीच्या मासिक सभेत, आणि सभा तीन आठवड्यांनी. एका सदस्याचं मत होतं, नियम तो नियम, एकाला सूट दिली की दहा जण मागतील. मुलगा एवढंच म्हणाला, ‘काका, आईला तीन आठवडे कुठे बसवू ते सांगा.’ सगळे गप्प झाले.

त्या रात्री आम्ही कायदा नीट वाचला. 1888 च्या कायद्याच्या कलम 342 मध्ये इमारतीत भर, बदल किंवा वापरबदल करण्याआधी आयुक्तांना सूचना द्यायची तरतूद आहे. पण त्यातच राहण्यायोग्य ठेवण्यासाठीच्या दुरुस्त्यांना सूट दिली आहे, आणि तिची यादीही आहे: प्लास्टर, रंग, लाद्या बदलणं, संडास-बाथ दुरुस्त करणं, ड्रेनेजचे पाईप, नळ, वायरिंग बदलणं. ज्याला सूट नाही तेही लिहिलं आहे: इमारतीची लांबी-रुंदी-उंची बदलणं, भार पेलणारी भिंत किंवा इतर भाग काढणं, जमीन खाली घेणं, माळा वाढवणं. 1966 च्या नगररचना अधिनियमातही, वारसा इमारती वगळता, फक्त घराच्या आतल्या आणि बाहेरच्या रूपात फरक न पाडणाऱ्या कामाला विकास परवानगीतून सूट आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी वस्तू बदलणं आणि इमारत बदलणं यात रेघ ओढली होती. आमच्या फॉर्मने दोन्हींना एकाच रांगेत उभं केलं होतं.

आजींना दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. पुढच्या सभेत ठराव झाला: जागच्या जागी बदल असेल तर सेक्रेटरी आणि दोन सदस्यांनी सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आजारपण असेल तर दोन दिवसांत, सभेत नंतर नोंद घ्यायची. पाण्याची चाचणी मात्र कोणालाही माफ नाही. आजींच्या घरीही ती झाली.

रेघेची दुसरी बाजू वर्षभरातच दिसली. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची साईसिद्धी इमारत कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या कामात खांबांना धक्का लावल्याचे आरोप झाले. आपल्यापासून काही किलोमीटरवर. त्यानंतरच्या सभेत ‘माझ्या घरात मी’ हे वाक्य मला तरी ऐकू आलं नाही. त्या वर्षी भिंत हलवून बाथरूम शेजारच्या बेडरूममध्ये वाढवण्याचा एक अर्ज आला होता. खाली दुसऱ्याची झोपायची खोली. कमिटीने नम्रपणे नाही म्हटलं आणि कारण लेखी दिलं. सभासद नाराज झाले, पण त्यांनी आहे त्याच जागेत सुरेख काम करून घेतलं, आणि आज नव्या सभासदांना ते स्वतः फॉर्म समजावून सांगतात.

एक गैरसमज अजून निघतो, तो इथे काढून टाकतो. सोसायटीची परवानगी म्हणजे पालिकेची परवानगी नव्हे. भिंती हलत असतील, मापं बदलत असतील, तर आर्किटेक्टमार्फत वॉर्ड ऑफिसला जावंच लागतं, सोसायटीचं पत्र त्याची जागा घेत नाही. आणि उलटही तितकंच खरं: पालिकेला विचारावं न लागणाऱ्या कामालाही सोसायटीला विचारावं लागतं, कारण खाली शेजारी राहतो.

आपल्या 28 घरांपैकी 23 घरांची बाथरूम आता नवी झाली आहेत. उपविधीप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते आणि तिशीनंतर दर तीन वर्षांनी. गेल्या तपासणीला आलेल्या इंजिनिअरने प्रत्येक घरातल्या कामाचे नकाशे मागितले आणि आपण ते तासाभरात समोर ठेवले. त्यांना त्याचं नवल वाटलं. पाच वर्षांनी इमारत तिशीत जाईल, पुनर्विकासाच्या गोष्टी निघतील, निघोत. तोवर याच स्लॅबखाली झोपायचं आहे. उरलेल्या पाच घरांनी काम काढाल तेव्हा फॉर्म भरा, खालच्या घरी आधी स्वतः जाऊन सांगा, आणि लाद्या बसवायची घाई करू नका. 48 तास पाणी साठू द्या.