अग्रमुखी कक्ष (प्रवासी जहाज)

अग्रमुखी कक्ष म्हणजे प्रवासी जहाजाच्या वरच्या बांधणीच्या पुढच्या भिंतीलगत असलेला, खिडक्या किंवा सज्जा थेट प्रवासाच्या दिशेला उघडणारा निवासकक्ष. पर्यटन व्यवसायात तो 'फॉरवर्ड सूट' किंवा 'फॉरवर्ड केबिन' या नावांनी ओळखला जातो. जहाजाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कक्षांतून समुद्र एका बाजूलाच दिसतो. अग्रमुखी कक्षातून मात्र समोरचे क्षितिज आणि जहाजाची नाळ दिसते. अशा कक्षांची संख्या थोडी असते आणि त्यांपैकी अनेक मोठ्या आकाराचे असल्याने त्यांचे भाडे सामान्यतः जास्त असते. मात्र लाटांमुळे होणारी हालचाल, वारा आणि रात्रीच्या प्रकाशावरील निर्बंध यांमुळे तो प्रत्येक प्रवाशाला सोयीचा ठरतोच असे नाही.

जहाजातील स्थान

अग्रमुखी कक्ष जहाजाच्या अगदी टोकाला नसतो. समुद्रातील मानवी जीविताच्या सुरक्षेसंबंधीच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रवासी जहाजाच्या पुढच्या भागात टक्कर झाल्यास पाणी अडवणारी एक आडवी भिंत असावी लागते. ती नाळेच्या टोकापासून किमान जहाजाच्या लांबीच्या ५ टक्के किंवा १० मीटर, यांपैकी जे कमी असेल तितक्या अंतरावर असते. नाळेवरील उघड्या डेकवर नांगर, साखळ्या आणि दोरखंड गुंडाळण्याची यंत्रे असतात. त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या बहुमजली बांधणीच्या दर्शनी भिंतीत अग्रमुखी कक्ष असतात.

याच भिंतीत जहाजाचा नियंत्रणकक्ष, म्हणजे 'ब्रिज' असतो. सोलास कराराप्रमाणे ब्रिजवरून दिसणारा समुद्राचा पृष्ठभाग नाळेपुढे जहाजाच्या लांबीच्या दुपटीपेक्षा किंवा ५०० मीटरपेक्षा, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा जास्त अंतरापर्यंत झाकला जाता कामा नये. त्यामुळे ब्रिजसाठी पुरेशी उंची राखून उरलेली जागा निवासाला मिळते आणि अग्रमुखी कक्ष ब्रिजच्या वर किंवा खाली येतात. 'क्वीन मेरी २' (२००४) या जहाजावर दहाव्या डेकच्या अग्रभागी राण्यांच्या नावांचे चार कक्ष आहेत.

इतिहास

शिडाच्या जहाजांवर नाळेकडचा भाग खलाशांचा, तर पिछाडीचा भाग अधिकाऱ्यांचा आणि मानाच्या प्रवाशांचा असे. वाफेच्या जहाजांच्या काळात हा क्रम बदलला. व्हाइट स्टार लाइनच्या 'ओशनिक' (१८७१) या जहाजावर पहिल्या वर्गाचे दालन मध्यभागी आणण्यात आले, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. 'टायटॅनिक'वरही (१९१२) पहिला वर्ग मध्यभागी होता. तिसऱ्या वर्गातील एकट्या पुरुषांची सोय नाळेकडे, तर एकट्या स्त्रिया व कुटुंबांची सोय पिछाडीला होती. म्हणजे आज ज्या भागासाठी जास्त भाडे आकारले जाते, तोच भाग एके काळी सर्वांत स्वस्त होता. जहाजांचा वाढलेला आकार, हेलकावे कमी करणारे पंख आणि वातानुकूलन यांमुळे हा बदल शक्य झाला.

मुंबई आणि कक्षाची निवड

मुंबई–इंग्लंड मार्गावर वातानुकूलन येण्यापूर्वी कक्षाची बाजू हा महत्त्वाचा प्रश्न होता. भारताकडे येताना तांबड्या समुद्रात जहाजाची उजवी बाजू पश्चिमेला असल्याने दुपारनंतरचे ऊन तिच्यावर पडे; एडनहून मुंबईकडे येताना तीच बाजू दक्षिणेला येई. त्यामुळे येताना डावी आणि परतताना उजवी बाजू तुलनेने थंड राही. 'पॉश' हा शब्द या दोन बाजूंच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आला आणि तो पी अँड ओ कंपनीच्या तिकिटांवर छापलेला असे, अशी कथा सांगितली जाते. तथापि तिला कागदोपत्री पुरावा मिळालेला नाही आणि कोशकार ही व्युत्पत्ती मान्य करत नाहीत. उन्हाचा भाग मात्र भूगोलाला धरून आहे.

सर्वच प्रवासी कक्षाला महत्त्व देत नसत. महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून 'राजपुताना' जहाजाने निघाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि बराचसा वेळ उघड्या डेकवर काढला. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण व गोव्याच्या आगबोटींवरही बहुसंख्य चाकरमानी 'लोअर डेक' किंवा 'अपर डेक'चे तिकीट काढून वळकटी पसरत. केबिन मोजक्याच प्रवाशांना परवडे. ही सेवा पावसाळ्यात बंद असे.

पर्यटनासाठीची अलीकडची काही जहाजे मुंबईशी जोडलेली आहेत. मुंबई–गोवा मार्गावरील 'आंग्रिया' २०१८ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्ये आलेली 'कर्णिका' ही १९९० सालची मूळची 'क्राउन प्रिन्सेस'. तिच्या आराखड्यात वास्तुविशारद रेन्झो पियानो यांचा सहभाग होता. २०२० मध्ये ती अलंग येथे भंगारात काढण्यात आली. 'एम्प्रेस' हे सुमारे २११ मीटर लांबीचे जहाज फ्रान्समध्ये बांधलेले असून तेही १९९० सालचे आहे. सप्टेंबर २०२१ पासून ते मुंबईहून प्रवासी सफरी करू लागले.

प्रभादेवी, दादर, वरळी या पश्चिमेकडील भागांतून अरबी समुद्र समोर दिसत असला, तरी मोठी प्रवासी जहाजे तेथून सुटत नाहीत. ती शहराच्या पूर्वेकडील आडोशाच्या बंदरात, बॅलार्ड पिअर येथे लागतात. त्यामुळे सुटण्याच्या वेळी पाणी शांत असते. कुलाब्याचे टोक ओलांडून जहाज खुल्या समुद्रात गेल्यावरच अग्रभागातील हालचालीची खरी कल्पना येते.

हालचाल

लाटांवर जहाजाच्या दोन हालचाली प्रवाशाला प्रामुख्याने जाणवतात. पहिली, नाळ वर-खाली होणे. दुसरी, जहाज डावी-उजवीकडे कलणे. नाळ वर-खाली होताना जहाज मध्यभागाच्या आसपासच्या आडव्या अक्षाभोवती झोके घेते. म्हणून मध्यापासून जितके दूर, तितकी उभी हालचाल जास्त. जहाज केवळ १ अंश झुकले, तर मध्यापासून ७० मीटर पुढे असलेला कक्ष सुमारे १.२ मीटर वर किंवा खाली जातो. १० मीटर अंतरावरील कक्षाच्या बाबतीत हेच प्रमाण सुमारे १७ सेंटिमीटर असते. बाजूंना बसवलेले स्थिरक पंख कलणे कमी करतात, पण नाळेच्या वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. डेक जितका उंच, तितके बाजूला कलणेही जास्त जाणवते.

समुद्र लागणे, म्हणजे मळमळ, चक्कर व उलटी होणे, हे प्रामुख्याने संथ उभ्या हालचालीशी निगडित आहे. साधारण पाच सेकंदांना एक झोका ही गती सर्वांत त्रासदायक मानली जाते. आतील कान हालचाल नोंदवतो आणि डोळ्यांसमोरची खोली स्थिर दिसते. या विसंगतीमुळे त्रास होतो. क्षितिजाकडे पाहिल्याने तो कमी होऊ शकतो. या बाबतीत अग्रमुखी कक्षात क्षितिज समोरच असते, हा त्याचा एक फायदा आहे. पण रात्री आणि झोपेत तो मिळत नाही.

इतर मर्यादा

* प्रकाश: समुद्रातील टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकी २० व्या नियमानुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत टेहळणीत अडथळा आणणारे इतर दिवे लावता येत नाहीत. त्यामुळे ब्रिजजवळच्या अग्रमुखी कक्षांत रात्री पडदे बंद ठेवण्याची सूचना दिली जाते.
* वारा: शांत हवेतही जहाजाच्या वेगाइतका वारा समोरून येतो. ताशी ३५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जहाजावर समोरचा सज्जा बराच वेळ वापरता येत नाही. वादळी हवेत त्याचे दार बंद ठेवले जाते.
* आवाज: खालच्या डेकवर नांगराच्या साखळीचा, धक्क्याला लागताना नाळेतील आडव्या पंख्यांचा आणि लाटा आपटण्याचा आवाज येतो. तो बहुधा पहाटे, बंदरात शिरताना होतो.
* दृश्य: काही कक्षांच्या खिडक्या तिरक्या, लहान किंवा उंच कठड्यामागे असतात. 'समुद्र दिसणारा' या वर्णनात अंशतः अडलेले दृश्यही येऊ शकते.
* अंतर: भोजनगृहे पुष्कळदा पिछाडीला असतात. गुडघेदुखी असलेल्या किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या प्रवाशांसाठी लांब मार्गिका हा मोठा प्रश्न ठरतो.

निवडीचे निकष

निवड करताना सर्वप्रथम जहाजाचा डेक-नकाशा पाहिला जातो. कक्षाच्या वर व खाली काय आहे, दोन्ही बाजूंना निवासकक्ष आहेत की नाट्यगृह, आणि उद्‌वाहक किती अंतरावर आहे, हे त्यावरून कळते. काही भाड्यांत केवळ कक्षाचा प्रकार ठरतो आणि क्रमांक कंपनी देते; अशा तिकिटावर अग्रमुखी किंवा मध्यवर्ती जागेची खात्री नसते. जहाज भरलेले असल्यास प्रवास सुरू झाल्यावर कक्ष बदलून मिळणे कठीण असते. त्यामुळे पहिल्यांदाच समुद्रप्रवास करणारे, वृद्ध आणि समुद्र लागण्याचा पूर्वानुभव असलेले प्रवासी यांच्यासाठी मध्यभागातील खालच्या डेकवरील साधा कक्ष अधिक सुरक्षित पर्याय मानला जातो. मळमळीवरील औषधे काहींना गुंगी आणतात. गरोदर स्त्रिया, लहान मुले व नियमित औषधे घेणाऱ्यांनी ती वैद्यकीय सल्ल्याने घ्यावी लागतात.

मार्ग आणि ऋतू यांचाही विचार करावा लागतो. मुंबईहून गोव्याकडे जाताना नाळ दक्षिणेकडे असते. डाव्या बाजूला कोकणचा किनारा, तर उजव्या बाजूला सूर्यास्त येतो. परतताना बाजू उलट होतात. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने जाताना अग्रमुखी खिडक्यांवर ऊन येते आणि परतताना त्या सावलीत राहतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, जून ते सप्टेंबरमध्ये, अरबी समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावरील पर्यटन-सफरींचा मुख्य हंगाम म्हणूनच ऑक्टोबर ते मे असा आहे. या हंगामात मुंबईत परतणाऱ्या जहाजाच्या अग्रमुखी कक्षातून पहाटे शहराची किनाररेषा जवळ येताना दिसते. बाजूच्या कक्षांतून ती एकाच अंगाने दिसते.

कक्ष कोणताही असला, तरी जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच होणाऱ्या सुरक्षा-सरावाला उपस्थित राहणे प्रवाशांना बंधनकारक असते. जीवरक्षक नौका सामान्यतः जहाजाच्या दोन्ही बाजूंना मध्यभागी असल्याने अग्रमुखी कक्षातील प्रवाशांनी आपल्या एकत्र जमण्याच्या जागेपर्यंतचा मार्ग आधी चालून पाहणे उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पहा

* बॅलार्ड पिअर
* भाऊचा धक्का
* मुंबई बंदर
* समुद्र लागणे